चिखल सुटला पाहिजे

पोळ्याला जोडून रजा टाकली आणि समुद्रपूरला आलोय. दोन दिवसांपासून झड लागलीय. नेट जाम चौरस्त्याच्या बाजूने वारा आला की येतं, गिरडच्या बाजूने आला की जातं (हा माझा सिद्धांत, पुरावा काही नाही). पण शनिवार म्हणजे लेख पाडायचा दिवस, त्याला इलाज नाही.

आजचा विषय आहे पेटंट. थांबा, पळू नका! खरं तर विषय आहे चिखल.

ज्यांचा जन्म पेव्हिंग ब्लॉकवर गेला त्यांच्यासाठी सांगतो. वर्धा जिल्ह्यातली काळी माती पावसात भिजली की तिला माणसाचा लळा लागतो. दहा पावलं चाला, दोन्ही पायांना किलो-किलोचे गोळे. वीस पावलांनी चप्पल मातीत आणि तुम्ही पुढे. माझ्या मामाने यावर फार वर्षांपूर्वी तोड काढलीय. ट्रकच्या जुन्या टायरचा तळवा आणि त्याला रापीने पाडलेल्या तिरप्या खाचा. आतल्या अंगाला अरुंद, बाहेरच्या अंगाला रुंद. लहानपणी मी विचारलं होतं, "काहून मामा, अशा वाकड्या?" तर म्हणाला, "चिखल सुटला पायजे ना बाप्पा! सरळ खाचीत तो बसूनच रायते. बाहेरून रुंद ठेवली का पाय टेकला का आपोआप सरकते."

झालं. ह्याला म्हणतात डिझाइन डॉक्युमेंट. दोन वाक्यं, प्रॉब्लेम आणि सोल्यूशन दोन्ही.

हे आठवायचं कारण म्हणजे एका मित्राची मेल. कॉलेजातला मित्र, हिंगणघाटचा. आमच्याकडे पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. १६०० मीटर वेळेत काढायचे म्हणून पावसाळ्यातही शाळेच्या मैदानावर, नाहीतर शेताच्या धुऱ्यावर पळत असतात. हा पठ्ठ्या त्यांच्यासाठी स्टडवाले बूट बनवतोय. (आपण स्टड म्हणतो, अमेरिकन लोक क्लीट म्हणतात.) त्याची कल्पना छान आहे. स्टडांच्या मधल्या जागेत मऊ रबराचा फुगवटा. पाय टेकला की तो दबतो, उचलला की उसळी मारून चिखल बाहेर ढकलतो. मी घालून पाहिलेत. चालतात!

त्याने पेटंटसाठी अर्ज करायचं ठरवलं, एजंट गाठला, मसुदा आला. मेलमध्ये एकच ओळ: "तुझं इंग्लिश बरं आहे, एकदा वाचून सांग." मी वाचला आणि पहिल्याच क्लेमवर अडकलो. मराठीत साधारण असा:

"खेळाचा बूट, ज्याच्या तळाला अनेक स्टड आहेत, आणि ज्यात चिखल सोडवण्याचं साधन आहे, जे धावताना स्टडांमधला चिखल आपोआप मोकळा होईल अशा प्रकारे योजलेलं आहे."

फुगवटा कुठे गेला? रबर कुठे गेलं? पुढच्या पानांवर, वर्णनात आहे सगळं. पण क्लेममध्ये नाही.

आता हा क्लेम म्हणजे काय प्रकार? पेटंटमध्ये दोन भाग असतात. आधी वर्णन, म्हणजे वस्तू कशी बनते, कशी चालते. शेवटी क्लेम, म्हणजे माझी मालकी नक्की कशावर. गावाकडच्या भाषेत सांगायचं तर क्लेम म्हणजे खरेदीखतातली चतुःसीमा. पूर्वेला नाला, पश्चिमेला अमक्याचं शेत, दक्षिणेला पांदण. तिऱ्हाईत माणसालाही धुऱ्यावर उभं राहून कळलं पाहिजे की आपला पाय कोणाच्या शेतात आहे.

माझ्या मित्राच्या खरेदीखतात मात्र लिहिलंय: "जिथे जिथे कापूस चांगला येतो ती सगळी जमीन माझी."

वस्तू काय आहे हे न सांगता ती काय करते एवढंच सांगणाऱ्या ह्या भाषेवर पेटंटवाल्यांचं भांडण शंभर-दीडशे वर्षांचं आहे. टेलिग्राफवाल्या मोर्सने विजेच्या चुंबकत्वाने दूरवर अक्षरं उमटवण्याच्या कुठल्याही पद्धतीवर हक्क सांगितला होता, यंत्र कसलंही असो. १८५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो क्लेम उडवला. त्याच्या प्रत्यक्ष यंत्रावरचे बाकीचे क्लेम टिकले.

म्हणून अशी भाषा मुळातच वाईट, असं मात्र नाही हं. घरातली चाळणी घ्या, किसणी घ्या. नावं कामावरूनच पडलीत. पण चाळणी म्हटलं की भोकं डोळ्यासमोर येतात, किसणी म्हटलं की दाते. काम सांगितलं तरी वस्तू दिसते. १९७१ साली स्वाइनहार्ट नावाच्या प्रकरणात अमेरिकेतल्या कोर्टाने हेच म्हटलं, की केवळ कामाच्या भाषेत लिहिलंय म्हणून क्लेम फेटाळता येत नाही. प्रश्न येतो तो शब्द ऐकून डोळ्यासमोर काहीच येत नाही तेव्हा. "चिखल सोडवण्याचं साधन" ऐकून काय दिसतं? मला तर मामाची रापी दिसते.

बरं, असा क्लेम वाचायचा कसा? तीन वाटा आहेत.

पहिली वाट, शब्दशः. चिखल सुटतो ना? मग बूट आमचा. एजंटला ही वाट आवडते, कारण अशिलाला ती आवडते. पण इथेच गंमत आहे. क्लेम जितका रुंद, तितकं त्यात जुनं सामान येऊन पडण्याची शक्यता जास्त. १९९७ सालचं श्रायबर प्रकरण बघा. एका माणसाने पॉपकॉर्नच्या डब्यासाठी शंकूसारखं झाकण केलं, ज्यातून एका वेळी थोडेच दाणे बाहेर येतात. पेटंट ऑफिसने काय काढून दाखवलं? तेलाच्या कॅनच्या तोटीचं जुनं स्विस पेटंट! हा म्हणाला, अहो ते तेलासाठी, माझं पॉपकॉर्नसाठी. कोर्ट म्हणालं, आकार तोच असेल आणि त्या तोटीतून दाणे तसेच पडू शकत असतील, तर तुझं नवीन काय? क्लेम गेला. काम नवं म्हणून जुनी वस्तू नवी होत नाही.

दुसरी वाट अमेरिकेने कायद्यातच घातलीय. १९४६ साली हॅलिबर्टनच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने अशा भाषेवर कडक टाच आणली होती. १९५२ च्या पेटंट कायद्यात संसदेने मधला मार्ग काढला. तुम्ही "अमुक करण्याचं साधन" असं खुशाल लिहा, पण मग त्याचा अर्थ तुमच्या वर्णनात जी रचना दिलीय ती आणि तिच्या तोडीच्या रचना, एवढाच. म्हणजे "चिखल सोडवण्याचं साधन" वाचायचं "रबराचा उसळणारा फुगवटा, किंवा तत्सम". दिसायला अख्खं शिवार, मोजायला गेलं तर दोन एकर. मला हा सौदा न्याय्य वाटतो. जेवढं दाखवलंस तेवढं घे.

तिसरी वाट शब्दांच्या छटेची. "अशा प्रकारे योजलेलं" म्हणजे मुद्दाम त्यासाठी घडवलेलं, की त्यासाठी वापरता येण्यासारखं? २०१४ साली जियानेली प्रकरणात वाद होता रोइंग मशीनचा. पेटंट ऑफिस म्हणालं, छातीच्या व्यायामाचं जुनं मशीन आहे, दांडा ढकलायच्या ऐवजी ओढला की झालं रोइंग. कोर्टाने ते मानलं नाही. ओढता येणं वेगळं आणि ओढण्यासाठी घडवलेलं असणं वेगळं. अर्जदार जिंकला, कारण दांडा कुठे आणि कसा बसवलाय हे त्याच्या वर्णनात होतं.

पॉपकॉर्नवाला हरला, रोइंगवाला जिंकला. दोघांच्याही क्लेममध्ये कामाची भाषा होती. फरक पाडला त्या भाषेमागे रचना आहे की नाही, ह्याने.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं. आपल्याकडे काय? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात "साधन" शब्दासाठी वेगळं कलम नाही. पण कलम १० च्या पाचव्या पोटकलमात एक साधी अट आहे: क्लेम स्पष्ट आणि नेमके हवेत आणि वर्णनात जे उघड केलंय त्यावर आधारलेले हवेत. मित्राच्या मसुद्याला ही एक ओळ पुरेशी आहे. आणि स्पष्ट लिहिलं तरी भांडण होतं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. आकुर्डीच्या बजाज ऑटोचं पेटंट क्रमांक १९५९०४, आपण ज्याला डीटीएस-आय म्हणून ओळखतो ते. सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर, दोन स्पार्क प्लग, असे आकडे नि भाग क्लेममध्ये होते. २००७ साली टीव्हीएसने फ्लेम आणायचं जाहीर केलं, दोन प्लगांचं आणि तीन झडपांचं इंजिन. बजाज म्हणे दोन प्लग हेच आमच्या शोधाचं सार. टीव्हीएस म्हणे आमच्यात झडपा तीन, तुमच्यात दोन, त्यामुळे गोष्टच वेगळी. २००८ च्या फेब्रुवारीत मद्रास हायकोर्टाने मनाई दिली, टीव्हीएसने एकच प्लग ठेवून गाडी विकली, २००९ च्या मेमध्ये खंडपीठाने मनाई उठवली आणि सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने विक्रीला परवानगी देऊन हिशेब चोख ठेवायला सांगितलं.

विचार करा, प्लग नि झडपा मोजता येत असूनही दोन वर्षं नुसत्या अंतरिम आदेशात गेली. क्लेम "पातळ मिश्रण नीट जाळणारं इंजिन" असा असता तर? मग रस्त्यावरची प्रत्येक मोटरसायकल आरोपी आणि प्रत्येक जुनं इंजिन साक्षीदार.

इथपर्यंत लिहिलं आणि स्वतःवरच हसू आलं. कारण या बाबतीत सगळ्यात मोठे गुन्हेगार आपणच, सॉफ्टवेअरवाले!

कबुलीजबाब देतो. पूर्वीच्या एका कंपनीत (नाव नको) माझ्याही नावावर एक अमेरिकन पेटंटचा अर्ज झाला. चार जणांत माझं नाव तिसरं. क्लेम होता: "अमुक प्रकारची गडबड ओळखण्यासाठी योजलेलं एक मॉड्यूल." आत काय होतं, तर मी एका रविवारी रात्री लिहिलेल्या चाळीसेक ओळी. इफ, एल्स, दोन थ्रेशोल्ड. त्याही अर्जात कुठे नीट आल्या नव्हत्या, नुसत्या चौकोनांच्या आकृत्या आणि बाण. मी वाचला नाही, सही केली. लाकडी पाटी मिळाली, थोडा बोनस मिळाला, आईने पाटी समुद्रपूरच्या घरात टीव्हीवर लावली. अजून आहे. आत्ता माझ्या समोरच आहे.

आणि २०१५ साली विल्यमसन विरुद्ध सिट्रिक्समध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टाने सांगितलं की "मॉड्यूल" हा शब्द "साधन" इतकाच पोकळ असू शकतो. नुसतं मॉड्यूल म्हणून चालणार नाही, ते काम कोणत्या अल्गोरिदमने होतं ते वर्णनात दाखवा. नसेल, तर क्लेम अस्पष्ट म्हणून रद्द. आपल्या पेटंट ऑफिसने २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही सूर हाच होता: "साधन" म्हणत असाल तर त्यामागची प्रत्यक्ष रचना दाखवा.

आपल्या धंद्यात हे आपल्याला पक्कं माहीत असतं हो. क्लायंटने रिक्वायरमेंटमध्ये "सिस्टिम फास्ट असावी" असं लिहिलं की आपण मिटिंगमध्ये किती ताणतो! किती मिलिसेकंद? किती युजर? कुठल्या मशीनवर? इंटरफेस कुणीही लिहितो, इम्प्लिमेंटेशनला पगार मिळतो, हे आपणच ज्युनिअरांना ऐकवतो. आणि पेटंटच्या फॉर्मवर सही करताना मात्र अख्ख्या इंटरफेसवर मालकी सांगून मोकळे होतो.

आता दुसरी बाजू. मित्राच्या एजंटशी फोनवर बोललो. सज्जन गृहस्थ. त्यांचं म्हणणं बिनतोड नसलं तरी खोटं नाही. ते म्हणाले, "साहेब, मी रबराचा फुगवटा लिहिला तर उद्या मोठी कंपनी स्पंज लावेल, नाहीतर स्प्रिंग. तुमच्या मित्राच्या हातात काय राहील?" खरंय. छोट्या माणसाला कुंपण घट्ट करून दिलं तर मोठा माणूस कुंपणाला लागूनच बंगला बांधतो.

पण ह्यावर उत्तर पोकळ शब्द नाही, जास्त कष्ट आहे. स्पंज लावून बघ, स्प्रिंग लावून बघ, जे चालेल ते वर्णनात घाल. चार वाटा दाखवल्यास की चार वाटांना कवेत घेणारा शब्द वापरायचा हक्क मिळतो. एक क्लेम रुंद, त्याखाली एकेक अट वाढवत अरुंद, म्हणजे वरचा पडला तरी खालचे उभे राहतील. आणि काम सांगायचंच असेल तर मोजून सांग. नाइकेने २०१६ साली चिखल न चिकटणारा तळवा बाजारात आणला, पाणी पिऊन फुगणाऱ्या पदार्थाचा. त्यांच्या ह्या विषयावरच्या पेटंटांमध्ये तो पदार्थ ठरलेल्या चाचणीत किती पाणी शोषतो ह्यावरून ओळखायची सोय आहे. हीसुद्धा कामाचीच भाषा, पण हातात तराजू देणारी. कोणीही मोजून म्हणू शकतो, मी धुऱ्याच्या आत आहे की बाहेर.

माझं मत विचाराल तर एवढंच: जो "काय" मागतो त्याने "कसं" दाखवलंच पाहिजे, आणि जितकं दाखवलं तितकंच मागितलं पाहिजे. पेटंट हा समाजाशी केलेला सौदा आहे. तू युक्ती उघड कर, आम्ही तुला वीस वर्षं मालकी देतो. युक्ती न सांगता निकालावरच मालकी मागणं म्हणजे उधारीवर दुकान मागणं.

आणि हे कोर्टातल्या शब्दांपुरतं नाही. काल संध्याकाळी ओसरीवर मामाची चप्पल उलटी ठेवलेली होती, चिखल वाळत होता. मी मित्राचा क्लेम त्या चप्पलेवर लावून पाहिला. खेळाचा बूट? नाही. पण मामाने त्याच खाचा पुतण्याच्या कॅनव्हास बुटालाही पाडून दिल्यात, टायरचे तुकडे चिकटवून. मधे उंचवटे, बाजूला वाट. अनेक स्टड? आहेत. चिखल सोडवण्याचं साधन? आहे. आपोआप? मामाच्याच शब्दांत, आपोआप.

कायद्याने बघितलं तर आधीपासून भारतात उघडपणे वापरात असलेली गोष्ट पेटंटच्या आड येते, आणि अर्ज मंजूर व्हायच्या आधी कोणीही विरोध नोंदवू शकतो. म्हणजे मामाचा बूट हा मित्राच्या पहिल्या क्लेमचा काळ आहे. पण तो विरोध करणार कोण? हळदीच्या वेळी डॉ. माशेलकरांची सीएसआयआर उभी राहिली, जुने छापील दाखले गोळा करून अमेरिकन पेटंट ऑफिसपुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. मामाच्या खाचांना कोण सीएसआयआर? नागपुरात बौद्धिक संपदेची राष्ट्रीय संस्था आहे, इथून दोन तासांच्या आत पोचता येतं. पण मामा नागपूरला जातो तो दवाखान्यासाठी. त्याचं ज्ञान कुठेही छापलेलं नाही, तळव्यावर कोरलेलं आहे आणि तळवा दरवर्षी झिजतो. एखादा पोकळ क्लेम चुकून मंजूर झाला तर त्याची नोटीस मामाला येणार नाही कदाचित, पण त्याच्याकडे बघून बूट बनवायला निघालेल्या पुढच्या पोराला येईल. आणि ते पोर वकील बघून नाही, नोटिशीचा लिफाफा बघूनच घाबरेल.

मित्राला रात्री मेल टाकली. फुगवटा क्लेममध्ये आण. स्पंज, स्प्रिंग करून बघ. एका मिनिटाच्या धावेनंतर तळव्याला किती ग्रॅम चिखल उरतो ते साध्या बुटाशी ताडून मोज. आणि वर्णनाच्या सुरुवातीला, आधीपासून काय माहीत आहे ते सांगतात तिथे, मामाच्या खाचा प्रामाणिकपणे लिही. फोटो जोडलाय. तुझा फुगवटा त्यापेक्षा वेगळा आहे आणि चांगला आहे, मग घाबरतोस कशाला?

सकाळी उत्तर आलं: "एजंट चिडलाय. पण मोजतो." पुढे एक स्मायली.

मामाला ही सगळी भानगड समजावून सांगितली. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे त्यानं चिखल सुटते असं लिवलं, पण कसा सुटते ते नाई लिवलं?"

म्हटलं, हो.

"मंग त्याले ठाऊक आहे का नाई, हे तुमाले कसं समजते?"

मी टीव्हीवरच्या पाटीकडे बघितलं. आईला न सांगता ती काढून ठेवावी म्हणतो.

असो. पाऊस थांबलाय, बैल धुवायला जायचंय. उरलेलं पुढच्या शनिवारी.